जपानीतली कुंभारीण

चंद्रपूर, पठाणपुरा
१४ एप्रिल २०२४

अयूब,

ईदचा शीरखुर्मा संपून पातेलं घासून झालं, तेव्हा तुझी चिठ्ठी आली. आणणारा कंडक्टर म्हणाला, "मामी, पेरमिलीहून तुमच्या भावानं दिली." मी म्हटलं, मले भाऊ होता, आता आहे की नाई ते पाहून सांगते. मदीहा हसली. नात आहे माझी, तिले माझ्या प्रत्येक गोष्टीवर हसू येते. म्हणते, "नानी, फोन लाव ना एक." मी तिले सांगतलं, फोनमध्ये बोलावं लागते.

अन् मी तुझ्याशी बोलणार नाई अशी कसम खाल्ली आहे. लिहिणार नाई अशी खाल्ली नव्हती. ही वाट तूच शोधून काढली, तेवढी अक्कल तुले आहे हे मान्य.

कसम काय होती ते विसरला असशील तर पुन्हा लिहिते. अब्बांले मातीत ठेवून तिसरा दिवस होता. घरात माणसं बसली होती. तू अंगणातून अब्बांची जपानी मोटरसायकल बाहेर काढली अन् मले सगळ्यांसमोर म्हणाला, "आपा, गाडी मर्दाची असते. तू काय करशील ठेवून?" तीस वर्षं त्या गाडीचा कारबोरेटर मी खोलला, मी साफ केला. अब्बांचे डोळे गेल्यावर टायमिंग मी लावलं. तुले त्या गाडीची किक तेवढी माहीत होती. तेव्हा मी फाटकात उभी राहून म्हटलं होतं, ज्या फाटकातून गाडी नेली त्याच फाटकातून, त्याच गाडीवर बसून आत येशील, त्या दिवशी तुझ्याशी बोलीन. त्याच्या आधी एक शब्द नाई.

चार वर्षं झाली. आता तू लिहितोस, "आपा, येतो म्हणतो. पण गाडी दगा देऊन राह्यली. सुरू झाली की निघतो."

गाडी दगा देत नाई, अयूब. गाडीले दगा देता येत नाई, ते माणसाचं काम आहे.

आता तुझी तक्रार पाहू. तू लिहितोस : थंडी असताना सुरू होते, दोन-तीन किलोमीटर जाते, दम तोडते, बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू होते. बांगड्यांची पेटी मागे बांधून बाजारोबाजार फिरतोस, रस्त्यात उभं राहावं लागते. बरं. अन् पुढे मोठ्या शहाणपणानं लिहितोस की कारबोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपकत होतं म्हणून तू तिच्यात बाभळीची खुंटी मारून दिली.

वाचून मी चिठ्ठी खाली ठेवली अन् अंगणात जाऊन उभी राह्यली. बाहेर कडक ऊन, तरी उभी राह्यली.

अरे, मोरीतून पाणी वाहते म्हणून मोरी बुजवतात काय? पाणी कुठून येते ते पाहतात. ती खालची नळी कारबोरेटरच्या कटोरीची मोरी आहे. कटोरीत पेट्रोल जास्त झालं तर बाहेर टाकते, इंजिनात जाऊ देत नाई. तू मोरी बुजवली, आता ते पेट्रोल इंजिनात उतरून तेलात मिसळत असेल. तेलाची कांडी काढून नाकाशी धर. पेट्रोलचा वास आला तर ते तेल फेकून दे, नवं टाक, अन् माझ्या नावानं दोन शिव्या स्वतःले दे.

आधी खुंटी काढ. मग पेट्रोलचा कॉक बंद करून कटोरीले पेचकसाच्या मुठीनं हलके टोले मार. आत एक सुई असते, तिच्याखाली कचरा अडकला की पेट्रोल थांबत नाई. टोल्यानं बहुतेक वेळा कचरा सुटते. नाई सुटला तर कटोरी खोलून साफ कर. अब्बांनी शंभर वेळा दाखवलं, तू तेव्हा पतंग उडवत होता.

अन् बंद पडायचं कारण पाहण्यासाठी आधी सोपं काम कर. गाडी बंद पडली की टाकीचं झाकण उघड. "फुस्स" असा आवाज आला अन् गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं छिद्र बुजलं आहे, दुसरं काही नाई. आवाज नाई आला तर लिहून कळव.

शीरखुर्मा पाठवत नाई. संपला म्हणून सांगतलंच आहे.

आबिदा

•

चंद्रपूर
३० एप्रिल

अयूब,

तुझं उत्तर मिळालं. अक्षर सुधारलं नाई, पण वाचता आलं.

खुंटी काढली, टोल्यानं टपकणं थांबलं, तेलाले पेट्रोलचा वास होता, तेल बदललं. छान. मूर्खपणा केला अन् निस्तरला, अब्बा याच्यावरही तुले शाबासकी देत होते. मी देत नाई.

टाकीचं झाकण उघडून पाह्यलं, फुस्स झालं नाई, गाडी सुरूही झाली नाई. पण तुझं वाक्य मी दोनदा वाचलं : "बुधरीनं झाकण उघडून पाह्यलं." ही बुधरी तुझी शेजारीण, हे मले मागच्या चिठ्ठीतून कळलं, ती तुले भाकर देते, अल्ला तिचं भलं करो. पण झाकण तिनं काऊन उघडलं? तू कुठी होता? चालवणारा तू, बंद पडली तर खाली उतरणारा तू. की तू आता गाडीवरून उतरतही नाई, नवाबासारखा बसून राहतोस अन् शेजारीण रस्त्यानं पाठीमागे पळत येते?

राहू दे. तुझ्या घरातलं तुझ्या घरात.

दुसरी गोष्ट. इंजिनाच्या सांध्यांतून तेल पाझरून राह्यलं म्हणतोस, अन् आलापल्लीहून कोणी मिस्त्री आला, पाहून म्हणाला सगळे सील गेले, इंजिन उघडावं लागेल. अयूब, त्या मिस्त्रीले जपानीच्या जवळ येऊ देऊ नको. ज्याले तेल दिसलं की सील दिसते, त्याले डोळे आहेत पण त्यांच्या मागे काही नाई. माझ्याकडे नागपूरचे पोरं येतात अशा गाड्या घेऊन. जुनी गाडी घेतात, क्रोम करतात, टाकीवर चमकदार रंग मारतात, अन् खालच्या काळ्या नळ्या "चांगल्या दिसत नाई" म्हणून कापून टाकतात. मग गाडी चालत नाई तेव्हा मोबाईलमध्ये व्हिडिओ पाहतात. एक तर म्हणाला, "आँटी, या नळ्या तर कुठेच जोडलेल्या नाहीत, नुसत्या लोंबकळतात, म्हणून काढल्या." मी म्हटलं, बाळा, तुझं नाकही कुठी जोडलेलं नाई, नुसतं लोंबकळते, काढून देऊ काय?

त्या नळ्याच पाह्य. दोन आहेत, दोन्ही जोडलेल्या नाई वाटतात, दोन्ही महत्त्वाच्या.

एक कारबोरेटरच्या वरच्या अंगाले आहे. ज्या खालच्या नळीत तू खुंटी मारली, ती ही नव्हे. ही वरची हवा घेते. गोडेतेलाचा डबा फोडताना अम्मी दोन छिद्रं पाडत होती, आठवते? एका छिद्रातून तेल पडते, दुसऱ्यातून हवा जाते. दुसरं नाई पाडलं तर तेल गुटगुट करते अन् थांबते. कटोरीचंही तसंच आहे. हवा आत जाऊ देणारी नळी बुजली तर पेट्रोल पुढे सरकत नाई. इंजिन भुकेनं मरते. थांबलं की थोडी हवा झिरपते, पुन्हा दोन घास मिळतात, पुन्हा मरते. तुझी तक्रार अगदी हीच आहे.

दुसरी इंजिनाची. पिस्टन वरखाली होते तशी आतली हवा दाबली जाते, ती या नळीतून बाहेर पडते. ती बुजली की भाताच्या गंजावर झाकण दाबून धरल्यासारखं होते, जिथून जागा मिळेल तिथून फेस. म्हणून तेल पाझरते. सील बिचारे काय करतील, त्यांच्यामागे कोणी धक्के मारून राह्यलं.

म्हणून माझं मत असं आहे : दोन्ही नळ्या बुजल्या आहेत. इंजिन उघडायचं नाई. दोन्ही नळ्या गाडीवरून काढ, तोंडात धर अन् फुंक. बुधरीले फुंकायले लावू नको. बासरीसारखी हवा गेली पाहिजे. नाई गेली तर आत काय आहे ते बारीक तारेनं काढून, कागदावर ठेवून, नीट पाहून, मले लिही. काय निघालं ते जसंच्या तसं लिही. रंग, आकार, सगळं. "कचरा निघाला" असं लिहिशील तर मी उत्तर देणार नाई.

पावसाळ्याच्या आधी हे उरक. नाले भरले की तुमचा रस्ता बंद, मग दिवाळीपर्यंत तू तिथी अन् मी इथी. मी काही वाट पाहून राह्यली नाई. गाडीसाठी सांगते.

आबिदा

•

चंद्रपूर
२३ मे

अयूब,

बुधरी अन् तिचा नवरा झिंगू तेंदूपत्त्यावर गेले होते म्हणून उत्तराले उशीर झाला, असं तू लिहितोस. नळ्या काढायले शेजारी तेंदूपत्त्यावरून परत यावे लागतात, हे वाचून मले हसू यायले पाहिजे होतं. आलं नाई.

तू यावेळी मात्र नीट लिहिलं. मी सांगतलं तसं, रंग-आकार सगळं. कारबोरेटरच्या नळीतून वाळलेली लाल माती निघाली, घट्ट, गोळीसारखी. फोडली तर आत बारीक बारीक कोळी, पाय दुमडलेले, ओळीनं भरलेले. इंजिनाच्या नळीतूनही माती निघाली, पण तिले एका बाजूले गोल भोक होतं अन् आत रिकामं. त्याच्या मागे अजून एक मातीची भिंत.

वाचता वाचता मले आनंद झाला होता, खोटं काऊन सांगू. माझा अंदाज बरोबर निघाला, मदीहाले वाचून दाखवलं. म्हटलं, पाह्य, दीडशे किलोमीटरवरून सांगतलं. ती म्हणाली, "नानी, पण हे काय आहे?" मी म्हटलं, कुंभारीण. माशी असते, मातीचं घर करते, पिल्लासाठी कोळी भरून ठेवते अन् तोंड बुजवते. पिल्लू मोठं झालं की भोक पाडून उडून जाते.

हे तिले सांगता सांगता मी तुझी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली.

अयूब, चालत्या गाडीत कुंभारीण घर करत नाई.

जी नळी थरथरते, जिच्यातून गरम हवा येते, तिथी ती एक कण माती आणत नाई. ती उभी गाडी पाहते. कोपऱ्यातली, कोणी हात न लावलेली. अन् एका नळीत पिल्लू उडून गेलेलं रिकामं घर, दुसरीत नवं भरलेलं. म्हणजे मागच्या साली एक आली, राहून गेली. यंदा दुसरी आली, तिलेही जागा तशीच शांत मिळाली.

मागच्या सालापासून तू ती गाडी चालवली नाई.

मग मी तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा काढून वाचल्या. "दोन-तीन किलोमीटर जाते अन् दम तोडते." कोणते दोन-तीन किलोमीटर रे? एवढी बुजलेली गाडी स्टँडवरच भरभर करून दोन मिनिटांत बंद पडली असेल. दोन-तीन किलोमीटर तुले अब्बांच्या गोष्टीतून आठवले. बाजारोबाजार बांगड्या विकतोस म्हणे. कशावर बसून? झाकण बुधरीनं उघडलं. नळ्या झिंगूनं काढल्या. किक कोणी मारली ते लिहिलंच नाई तू, पण आता मले वाटते ती पण झिंगूनंच मारली.

तू खोटं बोलण्यात लहानपणापासून कच्चा. पतंग फाडून यायचा अन् सांगायचा वाऱ्यानं फाटली. वारा नसायचा त्या दिवशी. आता साठीले टेकला तरी सुधारणा नाई. खोटं सांगायचं तर आधी गाडी झटकून, नळ्या साफ करून मग सांगावं. ज्या बहिणीले इंजिनाच्या आवाजावरून कोणता बोल्ट ढिला आहे ते कळते, तिले तू कागदावर मातीच्या गोळ्या मोजून पाठवतोस अन् तिले काही कळणार नाई असं समजतोस. हा माझा अपमान आहे. गाडी नेली तेव्हापेक्षा मोठा.

तुले काय झालं आहे?

खरं लिही. या वेळी तुझं खरं जसंच्या तसं लिही, रंग, आकार, सगळं.

आ.

•

चंद्रपूर
२ जून

अयूब,

तुझी चिठ्ठी कंडक्टरनं दिली अन् सोबत बुधरीचा तोंडी निरोप पण दिला. तुझी चिठ्ठी अर्ध्या पानाची होती. बुधरीचा निरोप लांब होता. तो असा : "बाईले सांगा, दादाचं डावं पाऊल अर्धं कापलं हाय, मागच्या उन्हाळ्यात. दादा सांगू नको म्हणते. मी सांगून राह्यली. तुमी त्याची बहीण हा, तुमाले नाई सांगणार तं कोनाले सांगणार?"

तिच्यासमोर तुझी चिठ्ठी काहीच नाई.

शुगर होती तुले, हे अब्बांच्या वेळीच माहीत होतं. बाजारात खिळा पायात रुतला अन् तुले कळलं नाई. कळलं नाई! टाकीत छिद्र पडलं तर खाली पेट्रोल दिसते माणसाले. तुझ्या चपलेत रक्त होतं अन् तू बांगड्या विकून राह्यला होता. मग पाय काळा पडला तेव्हा दवाखान्यात गेला. तिथी डॉक्टरनं विचारलं असेल, घरचं कोण आहे? तू काय सांगतलं? शेजारीण?

अन् मले एक ओळ नाई. चंद्रपूरहून रोज बस येते. एक ओळ नाई.

पण खरी कमाल तर तुझी पुढची योजना. तू लिहितोस की गाडी सुरू झाली असती तर झिंगू तुले मागे बसवून चंद्रपुरात आणणार होता, अन् आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरणार होता. मग तू पुढे बसणार, अन् गल्लीच्या उतारानं गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत फाटकातून आत येणार, म्हणजे मले वाटलं असतं तूच चालवत आणली. मग खुर्चीवर बसून राहायचं अन् पाय चादरीखाली ठेवायचा.

अन् झिंगूले गिअर टाकता येत नाई, हे तुले एप्रिलमध्ये कळलं.

किती हुशार माणूस आहेस तू, अयूब. दीडशे किलोमीटरचा घाट घातला अन् गिअर कोण टाकणार हे विचारायचं राह्यलं. माझ्यासमोर लंगडत येण्यापेक्षा घरंगळत येणं तुले बरं वाटलं. मर्दाची गाडी ना!

अन् शेवटी लिहितोस, "आपा, आता माझं राहू दे. गाडी तुझी आहे, तुले पिकअपमध्ये टाकून पाठवतो. तूच नीट ठेवशील."

पाठवू नको. रिकामी गाडी माझ्या अंगणात आली तर मी तिले फाटकातूनच परत पाठवीन, ड्रायव्हरले चहा पाजून. मी काय मागितलं होतं ते नीट आठव. गाडी परत आण असं मी म्हटलं नव्हतं. त्याच गाडीवर बसून तू ये, असं म्हटलं होतं. गाडी तर चार वर्षं मी मागितलीच नाई. विचार कर थोडा, जमलं तर.

मी कसम मोडणार नाई. फाटकात उभी राहून, माणसांसमोर खाल्लेली आहे. पण कसम माझी आहे, तिच्यात काय होतं अन् काय नव्हतं हे तुझ्यापेक्षा मले जास्त माहीत. तू बसून यायचं होतं. पुढे बसायचं की मागे, हे मी बोलली नव्हती.

परवा सकाळच्या बसनं निघते. नव्या रबरी नळ्या घेतल्या आहेत, प्लग घेतला, पॅकिंगचा कागद घेतला. अब्बांचा पान्यांचा डबा घेतला. अब्बांनी काढून दिलेलं लायसन पण घेतलं, नवं करून ठेवलेलं आहे. मदीहा रडून राह्यली, म्हणते या वयात एवढ्या लांब मोटरसायकल? मी तिले सांगतलं, रोज सकाळी दूध आणायले मी कशावर जाते? ती म्हणाली, स्कूटीवर. मी म्हटलं, मग आता फक्त गिअर जास्त आहेत.

आष्टीले मुक्काम करू, तिथी मदीहाची मैत्रीण राहते. तिच्याकडे मऊ भात होतो, तुझ्यासारख्याले चालते.

बुधरीले सांग, मी येते. तिच्यासाठी बांगड्या आणत नाई, त्या तुझ्याकडेच धूळ खात असतील.

आबिदा

•

पेरमिलीजवळ, तुझ्याच अंगणात, तुझ्यासमोर
६ जून, सकाळ

अयूब,

तू समोर बसून राह्यला अन् मी लिहून राह्यली, याच्यावर बुधरी कालपासून हसते आहे. काल तिनं मले विचारलं, "बाई, तुमी येवढ्या दुरून आल्या, पुरा दिवस गाडी खोलली, अन् दादासंग एक शब्द नाई? तोंड दुखते का?" मी तिले सांगतलं, तोंड बरं आहे, कसम दुखते. ती म्हणाली, "मंग तुमच्या कसमेले जेवू घाला काही." तिच्याशी मी काल एवढं बोलली की माझा घसा बसला. तू खाटेवर बसून ऐकत होता, हे मले माहीत होतं. काही गोष्टी मी तिले मोठ्या आवाजात सांगितल्या, त्या तिच्यासाठी नव्हत्या.

तू चार वेळा म्हणाला, "आपा, बोल ना." चारही वेळा मी पाना उचलला. पाचव्या वेळी म्हणाला, "आपा, चुकलं." तेव्हा माझ्या हातातून नट पडला अन् मातीत हरवला. तो शोधायले मले बराच वेळ लागला. मी खाली वाकून शोधत होती म्हणून तू पाह्यलं नाई, ते बरं झालं.

आता कामाचं ऐक, उशीर होऊन राह्यला.

दोन्ही नळ्या नव्या घातल्या. कारबोरेटरची वर वळवून टाकीखाली घेतली, म्हणजे नाल्यातून जाताना पाणी ओढणार नाई. इंजिनाची मागे नेऊन खाली सोडली, साखळीपासून दूर. कुठी दुमडू दिली नाई; ज्या मिस्त्रीनं आधीची दुमडून तारेनं बांधली होती त्याचा हात मी पाहू इच्छिते. टोकाले तुझ्या चहाच्या गाळणीची जाळी कापून बांधली. हवा जाते, कुंभारीण जात नाई. गाळणी गेली. आता तुले चहा गाळायचा असेल तर चंद्रपुरातच.

कुंभारणीची जुनी माती मी फेकली नाई. झिंगूच्या कुडाले लावून ठेवली. बुधरी म्हणाली राहू दे.

जुनी पॅकिंग बदलली नाई. सकाळी इंजिन चालू होतं तेव्हा खाली कागद ठेवला होता, तो कोरडा निघाला. सील बरे आहेत, अब्बांनी घातलेले आहेत.

सकाळी झिंगूनं किक मारली, दुसऱ्या किकेले सुरू झाली. तू खाटेवर होता, कुबडी घेऊन उठला अन् कान टाकीले लावला. अब्बा लावत होते तसा. मी पाह्यलं. इंजिन चालू राह्यलं, चालू राह्यलं, बुधरीनं भाकरी थापल्या तरी चालू राह्यलं, तेव्हा तू माझ्याकडे पाहून काही बोलणार होता. मी हात वर करून थांबवलं. कसमेसाठी नाई थांबवलं. आवाज ऐकून राह्यली होती. खोटं लिहिणार नाई, दोन्हीसाठी थांबवलं.

तू काल बुधरीले म्हणाला, मले ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं, की आपा गाडी ठेवून गेली असती तर रोज पाहायले तरी मिळाली असती. म्हणजे कळलं, तू मागचं पूर्ण साल गाडी चालवत नव्हता, नुसता तिच्याजवळ बसत होता. अन् ती कुंभारीण पण तिथीच. एवढे जण त्या गाडीजवळ बसून होते अन् कोणी मले बोलावलं नाई.

आता उठ. कुबडी डाव्या बाजूले बांधली आहे, काढता येईल अशी. बांगड्यांची पेटी बुधरीले दिली, तिनं घ्यायले नकार दिला, मग मी तिच्याशी भांडली, मग तिनं घेतली. उजवा पाय फुटरेस्टवर ठेव. डावा मी गमछानं फुटरेस्टले बांधते, म्हणजे खड्ड्यात उसळणार नाई. दुखलं तर माझ्या खांद्यावर दोनदा थाप मार, मी थांबीन. बोलून सांगू नको, मी उत्तर देणार नाई.

मर्दाची गाडी आहे म्हणून मागचं सीट मर्दाले दिलं.

चंद्रपुरात गल्लीच्या तोंडाशी मी थांबणार नाई, न्यूट्रलमध्ये घरंगळवणार नाई. पूर्ण इंजिन चालू ठेवून, हॉर्न मारत, पूर्ण पठाणपुऱ्याले ऐकू जाईल अशी फाटकातून आत जाईन. तिथी गाडी बंद करीन. अन् मग, अयूब, चार वर्षांचं साठलेलं आहे माझ्याकडे. आधी शिव्या येतील. पुष्कळ येतील. ऐकून घे.

हा कागद वाचून खिशात ठेव अन् मागे बस. किक मी मारते.